फेरफाराची वही आणि आमचा कोड

(उंब्रज, ता. कराड, जि. सातारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आज आम्ही सॉफ्टवेअर लिहिण्याच्या रोजच्या कामावर बोलणार आहोत. समोर दोन प्रकारचे श्रोते दिसतायत. एक, कॉम्प्युटर शिकणारी किंवा पुण्यात नोकरी करून शनिवार-रविवार गावी येणारी मुलंमुली. दुसरे, त्या सॉफ्टवेअरच्या काउंटरपाशी उभी राहणारी माणसं: सोसायटीचे सचिव, सेवा केंद्र चालवणारे, उसाची नोंद घालायला जाणारे शेतकरी. एरवी या दोघांची गाठ पडत नाही. म्हणून दोघांनाही कळेल असं बोलायचं ठरवलंय. मधेच कोडमधला शब्द आला तर मोठ्या माणसांनी सांभाळून घ्यावं, आणि महसुलातला शब्द आला तर पोरांनी घरी जाऊन आजोबांना विचारावा.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअरची पारख करताना लोक वेग बघतात, पडदा किती देखणा आहे ते बघतात, कोणत्या नव्या तंत्रात लिहिलंय ते विचारतात. आम्ही विचारतो, त्यात चूक शिरली तर पुढं काय होतं? ती कोणाला दिसते, कोण दुरुस्त करू शकतो, आणि दुरुस्ती केल्याची खूण मागं राहते का? या कसोटीवर घासलं तर आपल्याकडची बरीच सॉफ्टवेअरं नापास होतात. आणि या कसोटीला उतरणारी एक व्यवस्था आपल्या चावडीत शंभरेक वर्षं कागदावर चालत आलेली आहे. तिचं नाव गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही.

चावडीतली पद्धत

मुंबई इलाख्यात १९०३ साली अधिकार अभिलेखाचा कायदा झाला. जमीन कोणाकडं आणि कोणत्या हक्कानं आहे, हे गावच्या दप्तरात लिहून ठेवायची रीत तिथून बसली. आज ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे चालते. त्यातली कलम १४९ आणि १५० सॉफ्टवेअर इंजिनिअरनं एकदा तरी वाचावीत.

समजा घरातले वडील वारले आणि वारसांची नावं लावायची आहेत. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते सातबाऱ्यावरचं नाव सरळ बदलत नाहीत. आधी नमुना सहामध्ये नवी नोंद लिहिली जाते. तिला क्रमांक असतो, तारीख असते, बदल कशामुळं झाला ते असतं – वारसा, खरेदी, वाटणी, बोजा – आणि कोणत्या गटावर परिणाम होणार तेही असतं. मग ती नोंद चावडीवर लागते, ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. शेवटी मंडळ अधिकारी, आपल्या भाषेत सर्कल, ती नोंद तपासून मंजूर किंवा नामंजूर करतात. कागदाच्या काळात तोवर सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर पेन्सिलीनं लिहिलेला असायचा. मंजुरी आली की शाई. आणि जुनं नाव? ते खोडून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफाराचा नंबर राहतो. पन्नास वर्षांनी नातू आला तरी त्या नंबरावरून मागं मागं जात पणजोबांपर्यंत पोचता येतं.

पोरांनो, ओळखीचं वाटतंय का? लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. त्यात आपण काय करतो? बदल नोंदवतो, त्याला नंबर मिळतो, कोणी केला आणि कधी केला ते राहतं. दुसरा माणूस तो वाचतो, हरकत घेतो, मग तो मुख्य कोडमध्ये जातो. पेन्सिलीची नोंद म्हणजे ब्रांच, शाईची म्हणजे मर्ज. हे साम्य आम्ही गमतीसाठी सांगत नाही. जिथं नोंदीवर माणसाची भाकरी अवलंबून असते, तिथं कोणत्याही काळात शहाणी माणसं याच पद्धतीवर येतात. सॉफ्टवेअर लिहिताना आपण कोडसाठी ही पद्धत पाळतो आणि लोकांच्या डेटासाठी मात्र विसरतो, ही आमची मुख्य तक्रार आहे.

कारण लिहा

पहिली सूचना कोडबद्दलच. कमिट करताना लोक काय लिहितात? 'फिक्स'. 'चेंजेस'. 'फायनल'. दुसऱ्या दिवशी 'फायनल दोन'. तलाठ्यानं फेरफाराच्या रकान्यात 'बदल केला' एवढंच लिहिलं तर सर्कल ती वही तोंडावर फेकतील. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. का बदललं ते कुठंच दिसत नाही, म्हणून तेच लिहायचं.

नमुना सांगतो. 'उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली दोनदा वजा होत होती. एकाच सभासदाची लागण आणि खोडवा अशा दोन नोंदी असल्या की होत होतं. आता वसुली सभासदाप्रमाणे एकदाच.' तीन वाक्यं. दोन वर्षांनी नवा माणूस येईल, त्याला ही ओळ विचित्र वाटेल, काढून टाकावीशी वाटेल. ही तीन वाक्यं त्याचा हात धरतील. आणि एका कमिटमध्ये एकच काम. खरेदी, वारसा आणि बोजा तिन्ही एका फेरफारात कोंबले तर हरकत नेमकी कशावर घ्यायची?

खोडू नका, कंस करा

दुसरी सूचना डेटाबद्दल. आपल्याकडच्या छोट्या संस्थांत जी सॉफ्टवेअरं चालतात – दूध संकलन, पतसंस्था, खताचं दुकान – त्यांतल्या पुष्कळांत 'एडिट' नावाचं बटण असतं. ते दाबलं की जुना आकडा जातो, नवा बसतो. झालं. समजा सकाळी गवळ्याच्या दुधाला फॅट ४.२ लागली आणि संध्याकाळी नोंदीत ३.८ दिसतेय. कोणी बदलली? मशीन चुकलं होतं म्हणून रीतसर बदलली, की कोणी मुद्दाम बदलली? जर जुना आकडाच शिल्लक नाही, तर प्रामाणिक माणसालाही स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. संशय दोन्हीकडं राहतो आणि गाव त्यावर वर्षभर बोलत बसतं.

जुन्या पतसंस्थेतला कारकून खातेवहीत खाडाखोड करत नव्हता. चुकीची रक्कम पडली तर उलट नोंद घालायचा, मग बरोबर नोंद. तेच टेबलात करा. रक्कम बदलायची तर जुनी ओळ तशीच ठेवून नवी ओळ घाला. प्रत्येक ओळीला चार रकाने जास्तीचे: कधीपासून लागू, कधीपर्यंत लागू, कोणी घातली, कशामुळं. शिल्लक हा आकडा कुठं साठवू नका असं नाही, पण तो ओळींच्या बेरजेतून पुन्हा काढता आला पाहिजे. 'जागा जास्त लागते' ही सबब आता चालणार नाही. गावच्या डेअरीचा दहा वर्षांचा हिशोब तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये मावतो.

याला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. व्यवहाराला कंस, पण माणसाच्या खासगी माहितीला तोच नियम नाही. गरज संपल्यावर आधारची झेरॉक्स, मोबाईल नंबर, आजाराची माहिती जपून ठेवायचं कारण नसतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आलेला आहे. काय राखायचं आणि काय पुसायचं, हे टेबल बनवतानाच ठरवा.

लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा

तिसरी सूचना. फेरफार लिहितात तलाठी, मंजूर करतात सर्कल. एकच माणूस दोन्ही करत नाही. मोठ्या कंपनीत कोड रिव्ह्यू असतो, पण तिथंही रात्री अकराला फोन आला की कोणीतरी चालू डेटाबेसमध्ये थेट हात घालतो, 'एवढी एकच ओळ बदलतो' म्हणतो. तीच ओळ महागात पडते. आमचा नियम साधा आहे: चालू डेटावर हातानं बदल नाही. बदल लिहून ठेवा, दुसऱ्यानं वाचावा, मग चालवा. दोघांचंच दुकान असेल तर दुसऱ्यानं वाचा. एकटेच असाल तर निदान रात्री लिहिलेलं सकाळी चहा घेऊन वाचा, आणि मगच चालवा.

या नियमाला हसणाऱ्यांना ब्रिटनच्या पोस्टाची गोष्ट सांगावी लागते. तिथं १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशोबाची प्रणाली पोस्टाच्या शाखांत बसवली गेली. तिचं काम फुजित्सू कंपनीकडं होतं. खेड्यापाड्यांत दुकान सांभाळून पोस्ट चालवणारी माणसं ती वापरायची. प्रणालीत दोष होते, त्यामुळं हिशोबात नसलेली तूट दिसायची. पोस्ट म्हणायचं, कॉम्प्युटर चुकत नाही, पैसे तुम्ही खाल्ले. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त माणसं चोरी, खोटा हिशोब अशा आरोपांखाली दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींनी घरं विकून न झालेली तूट भरली, काहींनी जीव दिला. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयानं प्रणालीतले दोष मान्य केले. आणि आणखी एक गोष्ट उघडी पडली: कंपनीची माणसं दूर बसून, शाखा चालवणाऱ्याच्या नकळत, त्या शाखेच्या हिशोबात बदल करू शकत होती. पोस्टानं ते बरीच वर्षं नाकारलं होतं. शेवटी २०२४ मध्ये संसदेनं कायदा करून शिक्षा रद्द केल्या.

बग तर सगळ्यांच्याच कोडमध्ये असतात. इथं घात झाला तो बगमुळं कमी आणि व्यवस्थेमुळं जास्त. चूक दाखवायला जागा नव्हती, बदल करणाऱ्याची खूण ज्याचा हिशोब त्याला दिसत नव्हती, आणि हरकतीचे पंधरा दिवस कोणी दिलेच नव्हते. आपल्या चावडीत कागदावर जे होतं ते त्या प्रणालीत नव्हतं.

चावडी वाचन म्हणजे टेस्टिंग

आता आपल्या घरचं बघू. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा कॉम्प्युटरवर आणण्याचं काम बरीच वर्षं चाललं. ई-फेरफारची प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं बनवली. हातानं लिहिलेली पानं टाइप करताना चुका होणारच होत्या: नाव गळणं, क्षेत्राची बेरीज न जुळणं, एकाचा बोजा दुसऱ्याच्या गटावर बसणं. त्या काढायला २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घेतलं गेलं. कॉम्प्युटरवरचा सातबारा गावासमोर मोठ्यानं वाचायचा आणि लोकांनी सांगायचं, 'भाऊसाहेब, आमच्या चुलत्याचं नाव राहिलं.' सुधारणेसाठी एडिट आणि रि-एडिट अशी वेगळी मॉड्यूलं दिली गेली. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला.

यातलं चावडी वाचन आम्हाला फार मोलाचं वाटतं. ज्याचा डेटा त्यालाच तो वाचून दाखवणं, आणि प्रणाली सगळ्यांवर लादण्याआधी दाखवणं, यापेक्षा चांगली टेस्ट आम्हाला ठाऊक नाही. तुमची कंपनी 'यूजर टेस्टिंग' म्हणून पाच जणांना खोलीत बसवते. इथं अख्खं गाव बसलं. तुम्ही डेअरीचं सॉफ्टवेअर बदलत असाल तर नवं चालू करण्याआधी जुनी आणि नवी शिल्लक शेजारीशेजारी छापा आणि सभासदांना वाचून दाखवा. लाज वाटायचं कारण नाही.

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हाही दोन चांगल्या गोष्टी आल्या. शेवटच्या फेरफाराचा नंबर आणि तारीख सातबाऱ्यावरच दिसू लागली, आणि प्रलंबित फेरफार असेल तर तेही. म्हणजे जमीन घेणाऱ्याला कळतं की या कागदात अजून काहीतरी पेन्सिलीत आहे. तुमच्या प्रणालीत 'हा आकडा अजून पक्का नाही' हे दिसतं का, विचारून बघा.

टीका कुठं आहे? चूक टाइप करणाऱ्याची, पण ती सिद्ध करायची शेतकऱ्यानं, ही उलटी रीत तशीच राहिली. जुन्या हस्तलिखिताची नक्कल काढा, अर्ज करा, तहसीलला जा. ज्या प्रणालीत चूक शिरली तिच्यातूनच दुरुस्तीची सुरुवात व्हायला हवी. जुन्या पानाचं स्कॅन आणि नवी नोंद एकाच पडद्यावर, आणि खाली 'हे जुळत नाही' असं बटण.

दोन कर्जमाफ्या, दोन रचना

आणखी एक तुलना करतो. यात सरकार कोणाचं होतं याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, आम्ही फक्त रचना बघतोय.

२०१७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची माफी, एकूण ३४,०२२ कोटींचा आकडा. शेतकऱ्यानं ऑनलाइन अर्ज भरायचा, ठसा द्यायचा, सगळी माहिती पुन्हा सांगायची. खरं तर कर्ज बँकेनं दिलेलं, म्हणजे माहिती बँकेकडं होतीच. सेवा केंद्रांबाहेर रांगा लागल्या. १८ ऑक्टोबरला, दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली. मग याद्या तपासताना दिसलं की एकाच आधार क्रमांकावर, एकाच बँक खात्यावर अनेक शेतकऱ्यांची नावं आहेत. काम अडलं.

तपासणी प्रवेशाच्या दारात करायची की वाटपाच्या वेळी? आधार क्रमांक दुसऱ्यांदा आला तर त्याच क्षणी पडद्यावर दिसलं पाहिजे. ही डेटाबेसमधली एका ओळीची अट आहे. ती दारात नसली की तिचं काम नंतर हजारो माणसांना हातानं करावं लागतं. आणि तारीख आधी ठरवून काम त्यात बसवायचं, हा रोग फक्त सरकारी नाही. तुमच्या-आमच्या ऑफिसातल्या 'दिवाळीआधी लाइव्ह' याला हेच म्हणतात.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंतची. इथं अर्जच नव्हता. माहिती बँकांकडून घेतली, गावात याद्या लावल्या, प्रत्येक नावाला विशिष्ट क्रमांक दिला. शेतकऱ्यानं केंद्रावर जायचं, आधारनं ओळख पटवायची, पडद्यावर आपली रक्कम बघायची, आणि ती मान्य आहे की नाही ते सांगायचं. मान्य नसेल तर प्रकरण जिल्ह्याच्या समितीकडं. फेब्रुवारी २०२० मध्ये पहिली यादी मोजक्या गावांची लावली, मग पुढच्या.

बघा, यादी चावडीवर लावणं, हरकतीची वाट ठेवणं, थोड्या गावांत आधी करून बघणं. फेरफाराच्या वहीतले धडे इथं परत दिसतात. तरीही यात एक खोट राहिली. राबणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात. मशीन म्हणतं 'जुळत नाही', आणि म्हातारा माणूस पुन्हा पुन्हा अंगठा पुसत बसतो. ओळख पटवायचा एकच रस्ता ठेवला की तो बंद पडल्यावर माणूसच खोटा ठरतो. प्रत्येक दाराला दुसरं दार हवं.

रोजच्या चार ठेचा

आता बारीक गोष्टी. यांवर कोणी व्याख्यान देत नाही, पण रोज ठेच इथंच लागते.

पहिली, शब्दलेखन. आपल्या तालुक्याचं नाव घ्या. कोणी 'कराड' लिहितं, कोणी 'कऱ्हाड'. त्यात 'कऱ्हाड'मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी साठू शकतो: एक स्वतंत्र ऱ वापरून, दुसरा साध्या र ला नुक्ता देऊन, तिसरा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द. शोधलं तर एक सापडतो, दोन हरवतात. साठवण्याआधी मजकूर एनएफसी रूपात आणलात तर पहिले दोन एक होतात. तिसऱ्याची सोय तुम्हालाच करावी लागते. आणि 'उंब्रज' व 'उम्ब्रज' तर कोणत्याच ठरावीक नियमानं एक होत नाहीत. म्हणून गाव, तालुका टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या, आणि आत गावाचा कोड साठवा.

दुसरी, माणसाचं नाव. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन चौकोन करून आपण मोकळे होतो. सातबाऱ्यावर नावं कशी असतात बघा: कोणी 'उर्फ', कोणी अज्ञान म्हणून अ.पा.क., कुठं एकत्र कुटुंबाचा ए.कु.मॅ. लग्नानंतर दोन्ही नावांनी कागद असलेल्या बाया प्रत्येक गल्लीत आहेत. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही वडिलांच्या नावाआधी लागतं, म्हणजे तीन चौकोन आपोआप अपुरे. पूर्ण नाव एकाच मोठ्या चौकोनात, जसं कागदावर आहे तसं घ्या. तुकडे लागतील तिथं वेगळे मागा, आणि ते सक्तीचे करू नका.

तिसरी, तारीख. कारखान्याच्या ऊस नोंदीत लागणीची तारीख ०३/०७ पडली. ३ जुलै की ७ मार्च? ३ जुलै म्हणजे आडसाली, ७ मार्च म्हणजे सुरूचीही वेळ टळून गेलेली. लागणीच्या तारखेवर तोडीचा नंबर ठरतो. ऊस महिनोन् महिने उभा राहिला तर वजन घटतं, आणि ते नुकसान कोडच्या एका ओळीनं केलेलं असतं. महिना अक्षरांत दाखवा: '३ जुलै'. आणि हंगामाच्या बाहेरची तारीख आली तर पडद्यानं विचारावं, 'नक्की?' असा प्रश्न शिवारातल्या माणसाला सुचतो, एसीत बसलेल्याला सुचत नाही. म्हणून त्याला एकदा शिवारात आणा.

चौथी, क्षेत्र. शेतकरी म्हणतो वीस गुंठे. सातबारा म्हणतो ०.२०.२३, म्हणजे शून्य हेक्टर, वीस आर, तेवीस चौरस मीटर. यात टिंबं दोन आहेत, म्हणजे हा दशांश अपूर्णांक नव्हेच. तरी लोक त्याला दशांशाचा रकाना देतात. आत सरळ २०२३ चौरस मीटर साठवा, पूर्णांकात. दाखवताना हवं तसं दाखवा. तीन भावांत वाटणी करायची तर ६७४, ६७४ आणि ६७५. तो एक मीटर कोणाकडं गेला हे लिहिलेलं असू द्या. बेरीज मूळ क्षेत्राला जुळलीच पाहिजे. पैशाचंही तसंच, आत पैसे साठवा, रुपये दाखवा.

आणि चुकीचा संदेश. 'एरर ५००' किंवा 'काहीतरी चुकले' यानं काउंटरवरची मुलगी शेतकऱ्याला काय सांगणार? ती सांगते, 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या.' उद्या या म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. संदेशात तीन गोष्टी हव्यात: काय झालं, भरलेली माहिती राहिली की गेली, आणि आता काय करायचं. शक्य तिथं चूक परत घेण्याची मुदतही ठेवा. ई-पीक पाहणी अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालं, पुढच्या आवृत्तीत ४८ तासांत एकदा आपली नोंद दुरुस्त करण्याची सोय आली. हातून सोयाबीनऐवजी भुईमूग दाबला गेला तर तेवढ्यासाठी कोणाच्या पाया पडायला लागू नये.

मग सातबाऱ्याला इतका त्रास का?

तुमच्यापैकी कोणीतरी मनात म्हणत असेल, फेरफाराची पद्धत एवढी शहाणी, तर वारसनोंदीला लोकांचे जोडे का झिजतात? प्रश्न रास्त आहे. पद्धत चांगली असली तरी ती माणसाच्या हातात असते. नोटीस निघते पण पोचत नाही. पेन्सिलीची नोंद पेन्सिलीतच राहते. कलम १५५ हे लेखनप्रमाद सुधारायला आहे, त्याच्या आडून हक्कच फिरवल्याच्या तक्रारी राज्यात झाल्या आहेत.

आम्ही त्या वहीची आरती करत नाही. आमचं म्हणणं असं की सॉफ्टवेअरनं वहीतलं शहाणपण घ्यावं आणि तिथं माणूस जिथं फसवू शकत होता ती भोकं बुजवावीत. नोटीस पोचली की नाही हे नोंदवता येतं. नोंद किती दिवस पेन्सिलीत आहे हे वरच्या अधिकाऱ्याला आपोआप दिसू शकतं. दुरुस्तीचा आदेश कोणत्या कागदावरून झाला ते जोडल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही, असं करता येतं. उलट घडतं तेव्हा वाईट वाटतं: आपण कागदावरचे अडथळे तेवढे पडद्यावर आणतो आणि हरकतीचा रकाना मात्र गाळतो.

वेगाचाही मुद्दा आहे. प्रत्येक बदलाला पंधरा दिवस थांबलो तर कंपनी बुडेल. बरोबर. बटणाचा रंग बदलायला सर्कल लागत नाही. पण व्याजाची आकारणी, वजनाची नोंद, कोणाचं नाव यादीत आणि कोणाचं बाहेर – इथं थांबायचं. किती थांबायचं हे कोड किती मोठा आहे यावरून ठरवू नका, चुकलं तर कोणाचं काय जाईल यावरून ठरवा.

शेवटी दोन्ही बाजूंना एकेक काम देतो. लिहिणाऱ्यांनी सोमवारी कामावर गेल्यावर आपल्या प्रणालीतला कोणताही एक आकडा निवडा आणि विचारा: हा काल काय होता, कोणी बदलला, का? पाच मिनिटांत उत्तर मिळालं नाही तर नवं काही बनवायच्या आधी ते काम हातात घ्या. आणि वापरणाऱ्यांनी डेअरीत, सोसायटीत, सेवा केंद्रात 'कॉम्प्युटरवर असंच आहे' असं उत्तर मिळालं तर गप्प बसू नका. विचारा, 'असं कोणी घातलं, कोणत्या तारखेला, आणि हरकत कुठं नोंदवायची?' उत्तर देता येत नसेल तर दोष तुमचा नाही, आणि बहुतेक वेळा काउंटरवरच्या त्या मुलीचाही नाही. तो आमच्या धंद्यातल्या माणसांचा आहे, आणि तो आमच्यापर्यंत पोचला पाहिजे.

आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं नको, वापरणाऱ्यानं विचारावा.